मुंगी खरेच कधी झोपत नाही? पुण्याच्या कवायतीच्या मैदानावरील एक नोंद आणि मुलांच्या पुस्तकांतील मुंगी

मुंगी कधीही झोपत नाही, ती अहोरात्र कष्टत असते, हे विधान मराठी मुलांच्या पुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत आणि सामान्यज्ञानाच्या यादीत वर्षानुवर्षे फिरत आहे. ते खोटे आहे. परंतु ते खोटे आहे एवढे सांगून हा धागा संपवता येत नाही. कारण मुंगीविषयीची दुसरी एक गोष्ट, जी युरोपातील विद्वानांनी शंभर वर्षे खोटी ठरवली होती, ती खरी निघाली, आणि त्या गोष्टीचा एक महत्त्वाचा पुरावा १८२९ साली पुण्यात लिहिला गेला. मुलांसाठी कीटकांविषयी लिहिताना कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या नोंदीपासून सुरू करणे सोयीचे आहे.

नांदेड जिल्ह्यातील नायगाव, बिलोली, देगलूर हा पट्टा काळ्या मातीचा. मृगाच्या पहिल्या सरी येऊन गेल्यावर एखाद्या सकाळी लख्ख ऊन पडते. अशा वेळी पडीक रानात किंवा बांधाच्या कडेला मुंग्यांच्या बिळाभोवती गवताच्या बियांचा लहानसा ढीग दिसतो. जवळच टरफलांचे आणि भुसकटाचे गोल कडे असते. रानात वावरणाऱ्या पोराला याचे नवल वाटत नाही. घरातली ज्वारी ओलसर झाली की आई ती अंगणात पसरते, तसेच मुंग्यांचेही असणार, असे त्याला वाटते. दख्खनच्या शेतकऱ्याने तर पिढ्यान्पिढ्या आपले धान्य जमिनीखालच्या पेवातच ठेवले. पेवात पाणी शिरले की धान्य बाहेर काढून वाळवण घालावे लागे. मुंगीचे बीळ हे त्याच्या दृष्टीने लहानसे पेवच.

आता हेच दृश्य पुस्तकांत कसे आले ते पाहू.

इसापाच्या नावावर चालत आलेल्या ग्रीक कथेत नाकतोडा नाही आणि उन्हाळ्यातले उपदेशपर संभाषणही मुख्य नाही. कथा हिवाळ्यात घडते. मुंग्या भिजलेले धान्य वाळवत बसल्या आहेत आणि भुकेलेला सिकाडा, म्हणजे भर उन्हात झाडावर बसून किर्र आवाज करणारा कीटक, त्यांच्याकडे अन्न मागतो. सिकाडा उत्तरेकडील देशांत फारसा परिचित नसल्यामुळे भाषांतरांत त्याचा नाकतोडा झाला. पुढे तोच मराठीतही आला. मुंग्यांनी धान्य वाळवणे हा तपशील मात्र बहुतेक रूपांतरांतून गळून पडला, कारण सांगणाऱ्याला तो अनावश्यक वाटला असावा. ज्या तपशिलावर पुढे शास्त्रज्ञांचा वाद झाला, तोच नेमका गळाला!

मराठीत इसापनीती छापील रूपाने फार लवकर आली. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने सख्खण पंडितांनी केलेला ‘बालबोधमुक्तावली’ हा अनुवाद १८०६ चा. मुंबईत एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत शालेय पुस्तके तयार करण्यासाठी शाळापुस्तक मंडळी उभी राहिली. तिच्याशी निगडित असलेल्या सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे इसापनीतीचे भाषांतर १८२८ साली प्रसिद्ध झाले; त्याच वर्षी त्यांचा ‘बाळमित्र’ही आला. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात छत्र्यांचे नाव आरंभी घेतले जाते ते यामुळे. १८२८ हे साल लक्षात ठेवावे. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्याच सेवेतील एक अधिकारी पुण्यात सकाळच्या फेरफटक्याला निघणार होता.

त्या वेळी युरोपातील कीटकशास्त्राचे मत काय होते? बायबलमधील नीतिवचने आणि रोमन ग्रंथकार प्लिनी या सर्वांनी मुंगीला धान्य साठवणारी म्हटले होते. मध्ययुगातही कोणाला शंका आली नाही. शंका आली ती अठराव्या शतकात, जेव्हा लोकांनी ग्रंथ बाजूला ठेवून मुंग्यांची घरटी उकरायला सुरुवात केली. विल्यम गूल्ड याने १७४७ मध्ये इंग्लंडमधील मुंग्यांवर पुस्तक लिहिले. त्याला कुठेही धान्याची कोठारे सापडली नाहीत. फ्रान्सचा लात्रेय आणि जिनीव्हाचा पिएर ह्यूबर यांच्या निरीक्षणांतूनही हेच दिसले. त्यांनी स्पष्टीकरणही दिले: मुंग्या तोंडात जे पांढरे, लांबट दाणे घेऊन धावतात ते धान्य नसून त्यांचे कोश होत, प्राचीनांनी कोशालाच गहू समजून फसगत करून घेतली. शिवाय थंड प्रदेशातील मुंग्या हिवाळ्यात जवळजवळ निश्चेष्ट पडून राहतात, मग त्यांना साठा हवा कशाला?

हा युक्तिवाद सुंदर होता. निरीक्षणावर आधारलेला होता, आणि इंग्लंड, उत्तर फ्रान्स, स्वित्झर्लंड यांच्यापुरता बरोबरही होता. चूक एवढीच झाली की आपल्या अंगणातल्या मुंग्यांवरून जगातल्या सगळ्या मुंग्यांचा निकाल लावला गेला. किर्बी आणि स्पेन्स या इंग्रज लेखकद्वयाने आपल्या प्रसिद्ध कीटकशास्त्राच्या ग्रंथात थोडी सावधगिरी बाळगली होती. उष्ण देशांतील मुंग्यांचा नीट अभ्यास होईपर्यंत अंतिम निर्णय देऊ नये, असा त्यांचा सूर होता. पण अशी पुस्ती वाचतो कोण? सर्वसाधारण मत असे बनले की धान्य साठवणारी मुंगी ही कवींची आणि पंतोजींची कल्पना आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी, जन्म १७९०. १८२४ मध्ये त्याची नेमणूक मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून झाली. नुकत्याच जिंकलेल्या पेशवाई मुलखाची मोजदाद करणे हे त्याचे काम: जमीनधारा, पिके, लोकसंख्या, पाऊस, हवेचा दाब, पक्षी, प्राणी, मासे आणि त्यांतच कीटकही. दख्खनच्या पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची त्याने केलेली यादी आजही अभ्यासकांना परिचित आहे. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष आणि ब्रिटिश संसदेचा सभासद झाला. पण येथे त्याची ओळख त्याच्या रोजनिशीतील दोन तारखांपुरती पुरेशी आहे.

पहिली तारीख १९ जून १८२९. पुण्यात कवायतीच्या मैदानालगतच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे वीसहून अधिक लहान ढीग दिसले. प्रत्येक ढीग साधारण मूठभर. जवळ जाऊन पाहता शेकडो मुंग्या खालच्या कोठारातून एकेक बी वर आणून ढिगावर टाकत होत्या. साइक्सचा तर्क असा की पावसाळा सुरू होताच साठा भिजला असावा आणि पहिले कोरडे ऊन मिळताच मुंग्यांनी तो वाळवायला काढला असावा. हे गवत जानेवारी-फेब्रुवारीत पिकते, म्हणजे साठा किमान चार महिन्यांचा होता. बिळाची भिंत सरळ उभी होती. ओझे पेलत नसल्याने कित्येक मुंग्या काठाजवळून पुन्हा तळाशी कोसळत. पण बी काही सोडत नसत आणि लगेच पुन्हा चढू लागत, असेही त्याने नोंदवले आहे.

दुसरी तारीख १३ ऑक्टोबर १८२९. परतीचा मेघगर्जनेचा पाऊस होऊन गेल्यावर त्याला निरनिराळ्या ठिकाणी तेच दृश्य पुन्हा दिसले. या खेपेस एक ढीग ओंजळभर होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या नोंदीत जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटेल ती मुंगीविषयीची नाही, नोंद करणाऱ्याविषयीची आहे. आपण जे पाहत आहोत ते युरोपातील विद्वानांच्या मताच्या विरुद्ध आहे, याची साइक्सला पूर्ण जाणीव होती आणि तसे त्याने लिहिलेही. म्हणून त्याने मुद्दाम खात्री करून घेतली की या गवताच्या बियाच आहेत, मुंग्यांचे कोश नव्हेत. विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप कोणता, हे ओळखून त्याच जागी त्याने तपासणी केली. तारीख, स्थळ, हवामान, ढिगाचे माप आणि आक्षेपाचे निरसन: एका परिच्छेदाच्या पुराव्याकडून याहून अधिक काय मागावे? बखरी आणि शकावल्या वाचणाऱ्यांनी हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा. (साइक्सचे सर्वच लेखन असे निर्दोष आहे, असे मात्र समजू नये. मुंगीच्या चिकाटीतून मानवजातीला धडा मिळतो, ही पुस्ती जोडण्याचा मोह त्यालाही आवरलेला नाही.)

या मुंगीला त्याने दिलेल्या लॅटिन जातिनामाचा, ‘प्रोव्हिडेन्स’ या शब्दाचा, अर्थ होतो पुढचे पाहून तजवीज करणारी, दूरदर्शी. आज ती फायडोल या मोठ्या वंशात गणली जाते. साइक्सचा निबंध लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या वृत्तान्तात १८३५ च्या सुमारास छापला गेला.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. साइक्सने ज्या मुलखाची मोजदाद केली तो पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या इंग्रजी अमलाखालील जिल्ह्यांचा. नायगाव आणि सगळा नांदेड परिसर त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिला. म्हणून पुण्याच्या पडीक जमिनीवरील मुंगी लंडनच्या वृत्तान्तात गेली आणि तशाच काळ्या मातीत तसेच वाळवण घालणारी नायगावची मुंगी गेली नाही. निसर्गाची नोंद ही बहुधा महसुलाच्या नोंदीच्या मागून चालत येते. जेथे मोजणीदार पोहोचला नाही तेथली मुंगीही कागदावर आली नाही. गंमत अशी की त्याच गोदावरीच्या काठावर, वरच्या अंगाला शेवगाव तालुक्यात, ‘मुंगी’ नावाचे गावच आहे. पालखेडच्या मोहिमेनंतर ६ मार्च १७२८ रोजी पहिला बाजीराव आणि निजाम यांच्यात झालेला मुंगी-शेवगावचा तह बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो. मराठवाड्याच्या इतिहासात मुंगीचा उल्लेख असा तहनाम्यातूनच अधिक झाला.

साइक्सच्या नोंदीने युरोपचे मत एका रात्रीत बदलले नाही. थॉमस जर्डन या मद्रासकडील वैद्याने १८५१ मध्ये दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांची यादी प्रसिद्ध केली आणि बिया साठवणाऱ्या आणखी जाती दाखवल्या. तरीही उष्ण देशांतील अपवाद म्हणून त्याकडे पाहिले जाई. शेवटी जॉन ट्राहर्न मॉग्रिज हा क्षयाने आजारी असलेला इंग्रज तरुण हवापालटासाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील माँतों येथे राहू लागला. भूमध्य समुद्राच्या काठी, म्हणजे इसाप आणि प्लिनी यांच्याच हवामानात, त्याने मुंग्यांची कोठारे उकरून पाहिली. धान्य तेथे होते. बी अंकुरू लागले तर मुंग्या कोंब कुरतडतात आणि बी पुन्हा उन्हात वाळवतात, हेही त्याने पाहिले. त्याचे पुस्तक १८७३ चे. प्राचीनांची मुंगी निर्दोष सुटली.

आता झोपेकडे वळू, कारण येथे त्याच प्राचीनांचा दावा टिकत नाही.

प्लिनीने मुंग्यांविषयी लिहिताना बिया कुरतडण्याची, भिजलेले धान्य उन्हात वाळवण्याची हकीकत दिली आहे. ती खरी. लगोलग तो असेही सांगतो की मुंग्या पौर्णिमेच्या रात्रीही काम करतात आणि अमावास्येला थांबतात. चांदण्यातील कामाचा उल्लेख त्याआधी ॲरिस्टॉटलमध्येही येतो. एकाच परिच्छेदात शेजारी-शेजारी एक अचूक निरीक्षण आणि एक आकर्षक दंतकथा! बरीच जुनी साधने अशीच असतात. एक विधान खरे निघाले म्हणून शेजारचे खरे ठरत नाही. मात्र ॲरिस्टॉटलला न्याय द्यायचा तर त्याने कीटकही झोपतात असे स्पष्ट म्हटले होते. रात्री मधमाश्यांचा गुणगुणाट थांबतो, हा त्याचा दाखला होता.

खुद्द साइक्सनेही अथकपणाच्या कल्पनेला हातभार लावला. १८२८ साली पुण्यातील त्याच्या घरी मिठाईच्या मेजावर मुंग्या येऊ लागल्या. मेजाचे पाय पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवले, तरी त्या आल्या. पायांना टर्पेंटाइन फासले. काही दिवस शांतता. मग पुन्हा मुंग्या. शेवटी पाहतो तो एक मुंगी भिंतीवर मेजापेक्षा वर चढली आणि तेथून अंग सोडून थेट मेजावर पडली, तिच्यामागून दुसरी. या जातीला साइक्सने नाव दिले ‘इन्डिफेसा’, म्हणजे न थकणारी. पाण्याची वाटी ठेवून दुधाचे भांडे वाचवू पाहणाऱ्या प्रत्येक मराठी गृहिणीला या नावाचे मर्म कळेल. परंतु भिंतीवरून पडणारी मुंगी दर वेळी तीच नव्हती. थकत नव्हते ते वारूळ, मुंगी नव्हे.

हा फरकच सगळ्या गैरसमजाच्या मुळाशी आहे. कोणत्याही वेळी बिळापाशी जावे, तर मुंग्या जाग्याच दिसतात. त्यावरून प्रत्येक मुंगी सदैव जागी असते असा निष्कर्ष निघतो. नांदेडच्या स्थानकावर कोणत्याही घटकेला माणसे दिसतात. त्यावरून नांदेडकर झोपत नाहीत असे कोणी म्हणत नाही. शिवाय मुंगीला पापण्या नाहीत. डोळे मिटणे हीच झोपेची खूण मानली, तर मुंगी झोपताना कधी सापडणारच नाही.

मग कीटकाची झोप ओळखायची कशी? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यासाठी काही कसोट्या ठरत गेल्या: हालचाल थांबणे, ठराविक ढब, नेहमीच्या धक्क्याने जाग न येणे, आणि जागरण घडवले तर नंतर त्याची भरपाई होणे. १९८३ मध्ये झुरळे आणि मधमाश्या यांच्या विश्रांतीवरील अभ्यास प्रसिद्ध झाले. २००० साली फळमाशीवर काम करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांनी तिची विश्रांती झोपेच्या कसोट्यांना उतरते असे दाखवले. मुंग्यांपुरते बोलायचे तर टेक्सासच्या शेतकरी मुंग्यांवर १८७९ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या हेन्री मॅकुक या पाद्रीनेच त्यांच्या झोपेचे वर्णन केलेले होते. म्हणजे मुंगी झोपत नाही असे छापणाऱ्या मराठी पुस्तकांपैकी बहुतेकांच्या आधीच ती झोपते असे छापून झाले होते.

सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास २००९ चा, फ्लोरिडातील डेबी कॅसिल आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी अग्निमुंग्यांच्या वसाहतीचे प्रयोगशाळेत चित्रीकरण केले. कामकरी मुंगी दिवसातून सुमारे २५० वेळा डुलकी घेते आणि प्रत्येक डुलकी एका मिनिटाहून किंचित मोठी असते, असे त्यात आढळले. बेरीज पावणेपाच तासांच्या आसपास. राणीचे गणित वेगळे: दिवसातून नव्वदेक वेळा, दर वेळी सहा मिनिटांच्या आसपास, म्हणजे एकूण नऊ तासांच्या घरात. कामकरी मुंग्यांच्या डुलक्यांच्या वेळा एकमेकींशी जुळलेल्या नव्हत्या. त्यामुळे कोणत्याही क्षणी सुमारे ऐंशी टक्के मुंग्या जाग्या असत. गाढ झोपेत राणीच्या मिशा आत ओढलेल्या असत आणि अधूनमधून थरथरत. ती स्वप्ने पाहते, असा मथळा काही वर्तमानपत्रांनी लगेच दिला. अभ्यासातून एवढे सिद्ध होत नाही.

आणि येथेच गूल्डची आठवण ठेवणे आवश्यक आहे. हे आकडे एका जातीचे आहेत, तेही प्रयोगशाळेतील. जगात मुंग्यांच्या तेरा हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. एकट्या भारतात आठशेहून अधिक. अडीचशे डुलक्यांचा आकडा ‘मुंगी’ या नावाखाली मुलांच्या तक्त्यावर चिकटवणे म्हणजे इंग्लंडच्या मुंगीवरून जगाचा निकाल लावण्याचीच पुनरावृत्ती. आज समाजमाध्यमांवर हा आकडा नेमका तसाच फिरतो आहे. जुन्या चुकीच्या जागी नवी, अधिक शास्त्रीय दिसणारी चूक येते, इतकेच.

मुलांसाठी लिहिणाऱ्यांवर एवढा भार टाकावा का, असा प्रश्न कोणी विचारील. गोष्टीतली मुंगी बोलते, टोपी घालते, मग ती झोपत नाही म्हटले तर काय बिघडले? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. बोलणारी मुंगी ही कथेची सोय आहे आणि चार वर्षांच्या मुलालाही ते कळते. मुंगी झोपत नाही हे मात्र कथा म्हणून सांगितले जात नाही. ते माहिती म्हणून सांगितले जाते. मूल ते खरे मानते. मुक्ताबाईंच्या अभंगातील मुंगीने काहीही केले तरी तिला कोणी प्राणिशास्त्राचा जाब विचारू नये. सामान्यज्ञानाच्या पुस्तकाला मात्र तो विचारलाच पाहिजे.

आणि या चुकीत एक अन्यायही आहे. झोप न घेता राबणे हा सद्गुण म्हणून मुलाला दाखवायचा आणि त्यासाठी एका प्राण्याची खोटी साक्ष काढायची, असा तो प्रकार आहे. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातील कितीतरी मुले आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांना रात्रीच्या गाड्या भरताना पाहून जागरणाचे कौतुक शिकवण्याची मुळीच गरज नाही. प्रत्यक्षातील मुंगी तर पाळीपाळीने विसावा घेते आणि म्हणून काम चालू राहते; ही गोष्ट मूळ दाव्याहून कितीतरी रंजक आहे, आणि मुलांना सांगण्यासारखीही.

मराठीतून कीटकांविषयी लिहिताना भाषाच काही सापळे रचते. ‘मुंगी’ स्त्रीलिंगी, ‘मुंगळा’ पुल्लिंगी; म्हणून मुंगळा हा मुंगीचा नवरा, असे पुष्कळ मुले समजतात आणि काही गोष्टींत तसे लग्नही लागते. वस्तुतः आपण ज्यांना मुंगळे किंवा डोंगळे म्हणतो त्या मोठ्या काळ्या मुंग्यांच्या वेगळ्या जाती आहेत आणि अंगणात धावणारा प्रत्येक मुंगळा हा मादी कामकरी असतो. नर मुंग्या पंखांच्या असतात, काही काळच दिसतात आणि समागमानंतर मरतात. ‘मुंगीला पंख फुटणे’ या म्हणीत विनाशाची जी सूचना आहे ती नरांपुरती अगदी खरी आहे. राणीला मात्र पंख फुटतात ते राज्य स्थापण्यासाठी. उड्डाण झाले की ती स्वतःच ते उतरवते.

दुसरा सापळा वारुळाचा. नागपंचमीला ज्याची पूजा होते ते मातीचे उंच वारूळ मुंग्यांचे नसते, नागाचेही नसते. ते वाळवीचे असते. ‘पांढरी मुंगी’ या नावाने गोंधळ वाढवला आहे; वाळवीचे नाते मुंगीशी नसून झुरळांशी आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी या मुंगीच्या जवळच्या आप्त. या धाग्यात वर ‘थकत नव्हते ते वारूळ’ असे म्हटले आहे, ते भाषेच्या सवयीने. काटेकोरपणे तेथे ‘वसाहत’ हा शब्द हवा. सवय किती खोल असते, याचा हा नमुना म्हणून ते तसेच ठेवले आहे.

तिसरा, ‘मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो’ हा. त्यातील पावसाचा भाग बाजूला ठेवू. तोंडात धरलेले ते पांढरे दाणे बहुतेक वेळा अंडी नसतात. अंडी अतिशय बारीक असतात. ते कोश किंवा अळ्या असतात. ह्यूबर आणि मंडळींचा धान्याचा सिद्धान्त चुकला, पण कोशाविषयीचे त्यांचे म्हणणे बरोबर होते. चित्रांबद्दल एवढेच, की सहाही पाय छातीला जोडलेले असतात, पोटाला नव्हेत. हे चित्रकाराला एकदा सांगितले की पुरते.

इसापाच्या कथेतील दुसऱ्या पात्रावर तर कोणी दयाच केली नाही. ते काम फ्रेंच निरीक्षक झाँ-आन्री फाब्र याने १८९७ च्या सुमारास केले. सिकाडाला धान्य चावताच येत नाही. तो सोंडेने झाडाचा रस पितो. हिवाळा येईपर्यंत प्रौढ सिकाडा जिवंतच नसतो, मग मागायला येणार कसा? उलट त्याने पाडलेल्या छिद्रातून झिरपणारा रस पिण्यासाठी मुंग्याच त्याच्याभोवती गर्दी करतात आणि त्याला हुसकावूनही लावतात, असे फाब्रने पाहिले. कथेत मागणारा कोण आणि देणारा कोण, हे पार उलटे होते. एवढ्याने कथा टाकून द्यावी असे नाही. सातवी-आठवीच्या वर्गात इसापाची कथा, फाब्रचे निरीक्षण आणि साइक्सची पुण्याची नोंद शेजारी-शेजारी ठेवली, तर साधनचिकित्सा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही. नायगावच्या वर्गात चौथे साधनही हाताशी आहे: जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या उघडिपीला मैदानाच्या कडेला जाऊन पाहणे, तारीख लिहिणे, आणि ढीग मूठभर आहे की ओंजळभर, हे नोंदवणे.

साइक्सचे निधन जून १८७२ मध्ये झाले. त्याच्या त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या निरीक्षणावर शिक्कामोर्तब करणारे मॉग्रिजचे पुस्तक पुढच्या वर्षी आले. मॉग्रिज १८७४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला.